चार स्नॅप, एकवीस दिवस आणि एक टाच

जर्सीचा_जावई | बुधवार, २९ नोव्हेंबर २०२३

मंडळी, दुपारी मीटिंगमध्ये असताना मुलाचा मेसेज आला, "बाबा, तो आला." शाळेत फोन बंद ठेवायचा असतो. ती चौकशी संध्याकाळवर ढकलली आणि बातमी उघडली. तो म्हणजे ॲरन रॉजर्स, अमेरिकन फुटबॉलमधल्या न्यूयॉर्क जेट्स संघाचा क्वार्टरबॅक. ११ सप्टेंबरला टाचेमागची शीर तुटली, १३ तारखेला लॉस एंजेलिसला ऑपरेशन झालं आणि आज, बरोबर अकरा आठवड्यांनी, तो फ्लोरहॅम पार्कच्या मैदानात संघाबरोबर सरावाला उतरला. येत्या शनिवारी चाळीस वर्षांचा होईल.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्वार्टरबॅक म्हणजे व्हॉलीबॉलमधला सेटर समजा. संघाचा जवळजवळ प्रत्येक डाव त्याच्या हातातून जातो. समोरचा सहकारी दोन पायांमधून चेंडू मागे देतो, तो स्नॅप. मग दोन-तीन सेकंदांत चेंडू कुणाकडे जाणार हे याने ठरवायचं, आणि तेवढ्या वेळात शंभर-सव्वाशे किलोची चार-पाच माणसं याला आडवं करायला धावत असतात.

त्या रात्री मी मुलाला घेऊन मेटलाइफ स्टेडियममध्ये होतो. तिकिटांना किती पडले ते बायकोला अजून सांगितलेलं नाही, ती इथे वाचत नाही म्हणून लिहितोय. ग्रीन बेमध्ये अठरा वर्षं काढलेला माणूस आमच्याकडे आलेला. ११ सप्टेंबर, त्यात न्यूयॉर्क. हातात भलामोठा अमेरिकन झेंडा घेऊन तो बोगद्यातून पळत आला तेव्हा अख्खं स्टेडियम उभं. चौथ्या स्नॅपला समोरच्या बफेलो संघाच्या लेनर्ड फ्लॉइडने त्याला खाली घेतलं. तो उठला, क्षणभर उभा राहिला आणि आपणहून मैदानात बसला. त्या बसण्यातच आजूबाजूच्या लोकांना सगळं कळलं. मुलाच्या हातातलं प्रेट्झेल अर्धंही संपलं नव्हतं. पुढे ती मॅच जेट्सने ओव्हरटाइममध्ये २२-१६ जिंकली, पण परतताना गाडीत आम्ही दोघंही गप्प होतो.

आता आजचं. जखमींच्या यादीत टाकलेल्या खेळाडूला किमान चार सामने बाहेर बसावं लागतं. त्यानंतर संघ त्याला सरावाला बोलावू शकतो, पण बोलावल्या दिवसापासून २१ दिवसांची मुदत सुरू होते. त्या दिवसांत तो सराव करतो आणि संघाच्या ५३ जणांच्या यादीत मोजला जात नाही. मुदत संपेपर्यंत त्याला यादीत घ्यायचं, नाही तर त्याचा हंगाम संपला. म्हणजे २० डिसेंबर.

आणि संघाची अवस्था? ४ विजय, ७ पराभव. रॉजर्सच्या जागी खेळणाऱ्या झॅक विल्सनला बसवून टिम बॉइलला आणलं, तर गेल्या शुक्रवारी मध्यंतराच्या तोंडावर त्याने लांब फेकलेला चेंडू मायामीच्या खेळाडूने झेलून ९९ यार्ड पळवला. पुढचं बोलत नाही.

मला पडलेला प्रश्न असा की अशा संघासाठी, या वयात, अकरा आठवड्यांत सरावाला यायचं तरी कशासाठी? मुलाचं उत्तर तयार आहे: ख्रिसमसच्या आदल्या दिवशी वॉशिंग्टनविरुद्ध खेळणार. माझं तयार नाही.

---

खवट_आजोबा | ३० नोव्हेंबर २०२३

कशासाठी म्हणजे? तिकिटं खपवायला. हरणाऱ्या संघाला बातम्यांत ठेवायला. चाळिशीच्या माणसाला अकरा आठवड्यांत मैदानावर आणणाऱ्या डॉक्टरचं मला कौतुक वाटत नाही, काळजी वाटते.

(प्रेट्झेल केवढ्याला पडलं तेही सांगून टाका.)

---

अनुताई | ३० नोव्हेंबर २०२३

या खेळातलं मला ओ की ठो कळत नाही. पण मी नाशिकला फिजिओथेरपी करते, तेव्हा टाचेवर बोलायचा हक्क घेते.

पोटरीच्या स्नायूंची खाली येता येता एक जाड शीर होते आणि ती टाचेच्या हाडाला जाऊन चिकटते. आपल्या अंगातली सगळ्यात दणकट शीर. तरी ती तुटते आणि तुटते तेव्हा पेशंटचं वर्णन ठरलेलं असतं: मागून कुणीतरी लाथ मारली. पाऊल मागे रोवून एकदम पुढे झेपावताना हे होतं. माझ्याकडे येणारे बहुतेक तीस ते पन्नास वयातले पुरुष, आठवडाभर खुर्चीत आणि रविवारी सकाळी एकदम बॅडमिंटनचा बादशहा लिन डॅन.

तुटलेली टोकं स्वच्छ कापल्यासारखी नसतात, जुन्या सुंभासारखी पिंजलेली असतात. ती जुळवून शिवायची हा नेहमीचा मार्ग. रॉजर्सच्या बाबतीत स्पीडब्रिज नावाची पद्धत वापरली असं बातम्यांत आहे. त्यात भक्कम धाग्याच्या पट्ट्या टाचेच्या हाडात खुंट्या बसवून अडकवतात. शीर जुळेपर्यंत बराचसा ताण त्या पट्ट्या आणि हाड घेतात. त्यामुळे पाऊल लवकर टेकवता येतं, पोटरी कमी वाळते. ऑपरेशन करणारे डॉ. नील एलात्राश यांनीच २०१३ मध्ये बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटची हीच शीर जोडली होती. कोबी एप्रिलमध्ये पडला आणि डिसेंबरमध्ये खेळला, जवळजवळ आठ महिन्यांनी.

पण बरणी कितीही भारी आणली तरी लोणचं मुरायला लागायचे तेवढे दिवस लागतातच. पट्टी पहिल्या दिवसापासून मजबूत असते, शीर नसते. साधारण नऊ महिने ते वर्ष हा हिशोब उगाच सांगत नाहीत. पुन्हा तुटण्याची भीती असतेच, आणखीही एक गोष्ट असते जी पेशंटला दिसत नाही. घाईने ताण दिला तर शीर किंचित लांबून जुळते. मग चालता येतं, जिना चढता येतो, फोटोत पाय अगदी ठीक दिसतो, पण रेटा गेलेला असतो. त्यासाठी मी एकच परीक्षा घेते: भिंतीला बोट टेकवा, एका पायावर उभे राहा आणि टाच उचला. चांगल्या पायावर पंचवीस वेळा होतं? मग दुसऱ्यावर करा. बरीच मोठी माणसं तिथे पाचाच्या पुढे जात नाहीत आणि चिडतात.

जावईबापू, एक सांगा. तो कुठल्या हाताने फेकतो आणि तुटली कुठली?

---

जर्सीचा_जावई | ३० नोव्हेंबर २०२३

उजव्या हाताने. तुटली डावी.

---

अनुताई | ३० नोव्हेंबर २०२३

मग फास्ट बॉलरचा पुढचा पाय आठवा. उजव्या हाताचा बॉलर डावा पाय रोवतो, त्यावर सगळं अंग थांबतं आणि वेग हातात जातो. फेकताना याचाही डावा पाय तेच काम करतो. तेवढं कदाचित जमेलही आता. पण तुम्ही म्हणता तशी माणसं अंगावर आली की बाजूला झेप घ्यायची, ती याच पायावरून. सरावात त्याच्या अंगावर कुणी येतं का?

---

जर्सीचा_जावई | ३० नोव्हेंबर २०२३

ताई, बरोबर नस पकडलीत. नाही येत. सरावात क्वार्टरबॅकला वेगळ्या रंगाची जर्सी असते, बहुतेक संघांत लाल. तिचा अर्थ एवढाच की याला हात लावायचा नाही. हे निरोगी क्वार्टरबॅकलाही लागू. आणि याला तर सध्या फक्त मर्यादित सरावाचीच परवानगी आहे, धक्काबुक्कीची नाही.

---

गहुंजे_एक्सप्रेस | ३० नोव्हेंबर २०२३

१९ ऑक्टोबरला मी गहुंज्यात होतो, भारत-बांगलादेश. हार्दिकची पहिलीच ओव्हर. लिटन दासने सरळ मारला, याने पाय घालून अडवायला बघितलं आणि तोल जाऊन घोट्यावर पडला. तीन बॉल राहिले होते, ते कोहलीने टाकले. आमच्या स्टँडमध्ये तर जत्राच भरली, हार्दिककडे कुणाचं लक्षच नव्हतं. खरं सांगायचं तर माझंही नव्हतं. नंतर कोहलीने शतकही ठोकलं, सगळे खुशीत घरी.

मग सुरू झालं आपलं नेहमीचं. पुढच्या मॅचला येणार, त्याच्या पुढच्या मॅचला येणार, सेमीफायनलला नक्की. बंगळूरला अकादमीत आहे, बॉलिंग सुरू केली म्हणे. सगळं "सूत्रांनुसार". ४ नोव्हेंबरला कळलं की विश्वचषकातून बाहेर. त्याच्या जागी प्रसिद्ध कृष्णा.

अमेरिकेत काय पद्धत आहे? म्हणजे सरावात त्याने काय केलं हे सांगायचं बंधन आहे का कुणावर?

---

जर्सीचा_जावई | १ डिसेंबर २०२३

@गहुंजे, आहे, आणि मला ते आवडतं. रविवारची मॅच असेल तर बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे तीन दिवस प्रत्येक संघाला यादी जाहीर करावी लागते. कुणाला काय दुखापत, आणि आज सराव पूर्ण केला, मर्यादित केला की केलाच नाही. शुक्रवारी मॅचचं भाकीत: बाहेर, बहुधा नाही किंवा शंका आहे. पूर्वी "बहुधा खेळेल" असाही एक शेरा असायचा, तो २०१६ मध्ये काढून टाकला. आतली बातमी काहींनाच कळून त्यावर पैजा लागू नयेत, हे त्यामागचं एक कारण.

अर्थात संघही काही कमी नाहीत. "मर्यादित" या एका शब्दाच्या पोटात काहीही मावतं. पण कोरा कागद तरी देता येत नाही.

---

खवट_आजोबा | १ डिसेंबर २०२३

आणि ते प्लास्टिकचं गवत? त्यावर कुणी बोलणार की नाही? मेटलाइफला कृत्रिम गवत आहे. खेळाडूंची संघटना वर्षानुवर्षं खरं गवत मागते आहे. मालक देत नाहीत. २०२६ च्या फिफा विश्वचषकाला मात्र त्याच मैदानावर खरं गवत घालणार, कारण फिफा ऐकत नाही. पाहुणे आले की चांगली क्रोकरी बाहेर निघते तसं.

---

बॅकहँड | २ डिसेंबर २०२३

तीन दिवस वाचतोय, लिहू की नको करत होतो. अनुताईंच्या वर्णनातला रविवार सकाळचा लिन डॅन मीच.

वय ४३, पुणे. गेल्या वर्षी दिवाळीनंतरचा पहिला रविवार, डबल्स. नेटजवळ पडणारं शटल घ्यायला झेपावलो आणि मागून सणसणीत लाथ बसली. वळून पार्टनरला म्हणालो, "काय रे, आंधळा आहेस का?" तो कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला होता. बिचाऱ्याचा चेहरा अजून आठवतो.

जवळच्या एका दवाखान्यात गेलो. लचक आहे म्हणाले. क्रेप बँडेज, गोळ्या, शेक. बारा दिवस मी ती लचक शेकत बसलो. चालत होतो ना! लंगडत, पण चालत होतो, म्हणून मलाही पटलं. मग मेहुण्याने ओढत दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पालथं झोपवलं, पावलं टेबलाच्या कडेबाहेर. डावी पोटरी दाबली, डावं पाऊल हललं. उजवी दाबली, पाऊल खुंटीला टांगलेल्या बुटासारखं लोंबत राहिलं. दहा सेकंदांची तपासणी. त्या बारा दिवसांचा राग अजून गेलेला नाही.

ऑपरेशन, मग तो गुडघ्यापर्यंतचा बूट. त्यात टाचेखाली पाचरी असतात. थोड्या थोड्या दिवसांनी एक पाचर काढायची, म्हणजे पाऊल हळूहळू सपाट येतं. आमच्याकडे पाचर काढण्याचा दिवस सणासारखा. मुलीने त्या काढलेल्या पाचरी ओळीने शोकेसमध्ये ठेवल्यात.

आता मुद्दा. पाचव्या महिन्यात फिजिओने मला पहिल्यांदा कोर्टावर पाठवलं. खेळायला नाही. रॅकेटसुद्धा घ्यायची नाही. नेटजवळ उभं राहायचं आणि समोरच्याला हाताने शटल टाकून द्यायची, अर्धा तास. मला वाटलं, हा काय पोरकटपणा. पण त्या अर्ध्या तासात मला कळलं की उजवा पाय पुढे टाकायची वेळ आली की मी डावाच टाकतोय. कुणी सांगितलं नव्हतं, ठरवलं नव्हतं. शीर जुळली होती, पाऊल मात्र अजून माझं ऐकायला तयार नव्हतं. घरी व्यायाम करताना हे कधीच दिसलं नव्हतं, कारण घरी समोर कोर्ट नव्हतं आणि दुसऱ्याच्या रॅकेटचा आवाज नव्हता.

तेव्हा धागाकर्त्याच्या प्रश्नाला माझं उत्तर: तो मॅच खेळायला आलेला नसेल. पाय काय लपवतोय ते बघायला आला असेल. ते बघायचं तर बाकीचे चालू असायला लागतात.

(अजून खेळलेलो नाही. बायकोने सांगून ठेवलंय, कोर्टावर रॅकेट घेऊन गेलात तर दार उघडणार नाही.)

---

नवखा_वाचक | २ डिसेंबर २०२३

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)

---

सांताक्लारा_सखी | ३ डिसेंबर २०२३

@बॅकहँड, वाचून पोटरीत कळ आली. शोकेसमधल्या पाचरींसाठी मुलीला शाबासकी.

मी सॅन फ्रान्सिस्को फोर्टी-नाइनर्स संघवाली, त्यामुळे मला या धाग्यात दुसराच क्वार्टरबॅक दिसतोय. २००५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, आमच्या संघाचा पहिला नंबर होता. कॅलिफोर्नियाचाच, लहानपणापासून आमच्या संघाचा चाहता असलेला रॉजर्स समोर होता. आम्ही घेतला ॲलेक्स स्मिथ. रॉजर्स टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर बसून राहिला, चोविसाव्या नंबरला ग्रीन बेने उचलला. इथले जुने लोक अजून हा विषय निघाला की कॉफी खाली ठेवतात.

तर तो ॲलेक्स स्मिथ. १८ नोव्हेंबर २०१८, वॉशिंग्टनकडून ह्यूस्टनविरुद्ध. दोघांनी मिळून खाली घेतला आणि उजव्या पायाची नडगीची दोन्ही हाडं मोडून कातडीबाहेर. योगायोग असा की १९८५ मध्ये, त्याच तारखेला, वॉशिंग्टनच्याच जो थाइसमनचा पाय असाच मोडला होता. दोन्ही सामन्यांचा स्कोर २३-२१. आणि २०१८ च्या त्या सामन्याला थाइसमन हजर होता. कुणी गोष्टीत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा अतीच.

थाइसमन परत कधीच खेळला नाही. स्मिथचं प्रकरण हाडावर थांबलं नाही. जखमेत जंतुसंसर्ग झाला, मांस कुजवणारा. पाय कापायचा का, यावर घरच्यांशी बोलणं झालं. एकूण १७ शस्त्रक्रिया. पायाला बाहेरून कड्या आणि सळ्यांचा सांगाडा. पुढे सॅन अँटोनियोला लष्कराच्या पुनर्वसन केंद्रात गेला, जिथे स्फोटात पाय गमावलेले सैनिक पुन्हा चालायला शिकतात.

ऑगस्ट २०२० मध्ये तो सरावाला आला. त्या पायाकडे बघून त्याला अंगावर घ्यायची कुणाला छाती होणार? मला वाटतं, सरावातली हीच अडचण आहे. लाल जर्सी पाय वाचवते, पण मनातलं विचारत नाही. ते विचारलं ११ ऑक्टोबरला, ६९३ दिवसांनी. समोर लॉस एंजेलिस रॅम्स. पहिला क्वार्टरबॅक जखमी झाला म्हणून हा पावसात आत गेला आणि थोड्याच वेळात ॲरन डोनाल्ड, त्या काळातला सगळ्यात भयंकर बचावपटू, त्याच्या पाठीवर स्वार. स्मिथ खाली गेला आणि उठला. मी टीव्हीपुढे ओरडले. रॅम्स आमचे पक्के वैरी, तरी त्या दिवशी ते कारण नव्हतं.

त्या हंगामात त्याने सुरुवात केलेल्या सहा सामन्यांपैकी पाच जिंकले. पुनरागमनाचा पुरस्कार मिळाला आणि पुढच्या एप्रिलमध्ये निवृत्ती.

---

खवट_आजोबा | ३ डिसेंबर २०२३

सखीबाई, लेख वेगळा टाका. हा प्रतिसादात वाया गेला.

तरी माझा मुद्दा शिल्लक आहे. स्मिथला ६९३ दिवस दिले. याला ७७.

---

अनुताई | ४ डिसेंबर २०२३

बॅकहँड, उजव्याऐवजी डावा पाय पुढे टाकणं हे तुमच्या फिजिओने पहिल्या पाच मिनिटांत टिपलं असणार. रॅकेट न देण्याचं कारण तेच. हातात रॅकेट असती तर तुम्ही गुण मिळवायच्या मागे लागला असता. त्यांना माझा नमस्कार सांगा.

आजोबा, ७७ दिवसांना सामना म्हटला असता तर मी तुमच्या बाजूला असते. सराव म्हटलंय, म्हणून अजून कुंपणावर.

---

जर्सीचा_जावई | ४ डिसेंबर २०२३

काल अटलांटाविरुद्ध १३-८ हरलो. ४-८. मुलगा म्हणाला, "आता तर त्याने यायलाच हवं." मी म्हणालो, "आता तर त्याने यायलाच नको." जेवण शांततेत झालं.

---

जर्सीचा_जावई | ११ डिसेंबर २०२३

विल्सनला पुन्हा उतरवलं आणि ह्यूस्टनला ३०-६ ने मारलं. या संघाचं कुणी काय करावं!

---

जर्सीचा_जावई | २० डिसेंबर २०२३

निकाल लागला. रविवारी मायामीकडून ३०-०. प्लेऑफचं गणित संपलं. काल रॉजर्सने एका कार्यक्रमात स्वतःच सांगितलं की शंभर टक्के तयारी नाही, म्हणजे या हंगामात खेळणार नाही. आज २१ दिवसांची मुदत संपत होती. मला वाटलं आता जखमींच्या यादीतच ठेवतील आणि विषय मिटेल.

पण नाही. त्याला ५३ जणांत घेतलं. खेळायला नाही, तर सराव चालू राहावा म्हणून! जागा करायला एका फुलबॅकला कमी केलं.

आजोबा, तुम्ही शिट्टी वाजवायच्या आधी मीच सांगतो की त्या फुलबॅकसाठी मला वाईट वाटलं. ख्रिसमसला पाच दिवस राहिलेत. दुसरीकडे बॅकहँड यांचं शटल टाकणंही डोक्यातून जात नाही. तीन आठवड्यांपूर्वी मी विचारलं होतं, कशासाठी? तेव्हा वाटलं होतं की उत्तर मॅचमध्ये मिळेल. आता मॅचच नाही आणि माणूस सरावाला जातोच आहे.

मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे खोटं बोलले." मी म्हणालो, "नाही रे, प्रयत्न करून बघितला." त्याला पटलं नाही. तेराव्या वर्षी मलाही पटलं नसतं.

---

खवट_आजोबा | २१ डिसेंबर २०२३

शिट्टी वाजवत नाही. फुलबॅकपाशीच थांबतो. मोठ्या माणसाच्या सरावाचं बिल कुणाच्या नावावर फाडलं, तेवढं लक्षात ठेवा.

---

अनुताई | २१ डिसेंबर २०२३

मी मात्र कुंपणावरून उतरले, जावईबापूंच्या बाजूला. चौदा आठवड्यांत "नाही जमणार" हे कळायलाही पायावर उभं राहून बघावंच लागतं. माझे निम्मे पेशंट ते न बघताच ठरवतात, काही "जमेल" म्हणून आणि काही "जमणार नाही" म्हणून.

---

सांताक्लारा_सखी | १० सप्टेंबर २०२४

धागा वर काढतेय, कारण काल मी लिव्हाइस स्टेडियममध्ये होते! रॉजर्सचा पहिला सामना, तोही आमच्याशी, ज्यांनी २००५ मध्ये त्याला घेतलं नाही त्यांच्याशी. ३२-१९ आम्ही जिंकलो, त्यामुळे आज मी सगळ्यांशी गोड वागणार आहे. आमचा मॅककॅफ्री पोटरी आणि टाचेच्याच दुखण्याने बाहेर होता बरं का. त्याच्या जागी आलेला जॉर्डन मेसन १४७ यार्ड धावला. टाच कुणाची कधी दगा देईल, सांगता येत नाही.

जावईबापू, जागे आहात का?

---

जर्सीचा_जावई | १० सप्टेंबर २०२४

जागा आहे, डोळे लाल आहेत. मॅच इथे रात्री सव्वाआठनंतर सुरू झाली, आज शाळा होती, तरी मुलाला बसू दिलं. तो मोठ्याने मोजत होता. एक. दोन. तीन. चार म्हटल्यावर दोघंही सोफ्यावरून पुढे सरकलो. पाच म्हटलं आणि तो जाऊन फ्रीजमधून दूध घेऊन आला, जणू मॅच संपलीच.

२१ पैकी १३ पास, १६७ यार्ड, एक टचडाउन, एक चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात. झेप घेऊन निसटणं पूर्वीसारखं दिसलं नाही. अनुताई म्हणाल्या होत्या तो रेटा. चाळीस सरून गेली आहेत, त्याचाही भाग असेल.

बायकोला तिकिटांचं अखेर सांगितलं. यंदाची नाही, गेल्या वर्षीची. ती म्हणाली, क्रेडिट कार्डाचं बिल तिनेच भरलं होतं.

---

गहुंजे_एक्सप्रेस | १० सप्टेंबर २०२४

हाहाहा. वाचनखूण साठवली.

इथे पहाटे सहाला बघितली. हा खेळ दर दहा सेकंदांनी थांबतो हे मात्र मला अजून झेपत नाही.

---

बॅकहँड | ११ सप्टेंबर २०२४

धागा वर आलेला बघून बरं वाटलं. माझंही सांगून टाकतो.

रविवारी एक गेम खेळलो. डबल्स, तोच पार्टनर. २१-१२ हरलो. नेटजवळचं एक शटल आलं तेव्हा उजवा पाय पुढे गेला. शटल नाही मिळालं, पण पाय उजवा होता. पार्टनर मागून ओरडला, "मी लाथ मारलेली नाही हं!"

घरी आलो. बेल वाजवली. दार उघडलं, पण तिसऱ्या बेलला.